चिवट कचऱ्याच्या बाजूने

कृष्णाकाठी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड सुरू होते आणि तिथपासून होळीपर्यंत आमच्या वाळवा तालुक्यात रोज कुठला ना कुठला फड पेटलेला दिसतो. टोळी शेवटची मोळी भरून पुढच्या रानाला लागली की मागं गुडघाभर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, उरतं. ऊस कारखान्याला गेला, शेंड्याचे हिरवे वाढे जनावरांच्या दावणीला गेले. पाचटाला मात्र वाली नाही. मग दिवस कलल्यावर, वारा पडला की बांधाच्या कडेनं काडी लागते. बघता बघता एकरभर रान मोकळं. सकाळी दोरीवरच्या धुण्यावर काळी राख.

एका हेक्टरात ८ ते १० टन पाचट निघतं. राज्यात उसाखाली साधारण १२ ते १४ लाख हेक्टर रान असतं, म्हणजे दर हंगामाला एक कोटी टनांच्या आसपास पाचट तयार होतं. एका हेक्टरातल्या पाचटात ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद, ७५ ते १०० किलो पालाश असतं आणि ३ ते ४ टन सेंद्रिय कर्ब, म्हणजे कार्बन. काडी लागली की नत्र आणि गंधक धुरावाटे जातं, पालाश बरंचसं राखेत उरतं, कर्ब जवळजवळ सगळा जातो. आणि त्याच रानाचा मालक पुढच्या महिन्यात शेणखताची ट्रॉली मिळेल का म्हणून गावभर विचारत फिरतो. हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय आणि दरवेळी जीव तुटतो.

माझी रोपवाटिका आहे. उसाची, मिरचीची, टोमॅटोची, झेंडूची रोपं आम्ही ट्रेमध्ये वाढवतो. ट्रे भरायला मिश्रण लागतं, त्यासाठी मी कंपोस्टकडे वळले आणि आता खताचा व्याप रोपांच्या बरोबरीला आलाय. माझ्या ढिगांत मुख्य माल असतो तो चिवट. पाचट, लाकडाच्या वखारीतला भुसा, लाकडाची साल, द्राक्षबागेतल्या छाटणीच्या काड्या, तुरीच्या वाळक्या तुराट्या. भाजीचा ओला कचरा, हिरवा पाला, शेण यांना मागणी असते, कारण ते लवकर कुजतं. हा चिवट माल ‘कुजत नाही’ म्हणून सगळ्यांनी बाजूला टाकलेला. मला त्याच्या बाजूनं बोलायचंय.

पण आधी जाळणाऱ्याची बाजू. त्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. माझा भाचा माहेरची शेती बघतो. शेतकी पदविका झालेला मुलगा, पाचटात काय असतं हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक. तो म्हणाला, “आत्या, तुझं सगळं पटतंय गं. पण पाचटात पाणी पुढं सरकत नाही. वीज येणार रात्री. सरी तुंबली तर मी बॅटरी घेऊन तिथंच उभा राहू का? आणि त्यात पाय कुठं ठेवायचा, खाली काय असेल ते दिसतं का?” यात काय खोटं आहे? पाचटाखाली उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात. पाचटाच्या धारदार कडांनी हातपाय कापतात, अंगाला खाज सुटते, म्हणून खोडव्याची, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाची, मशागत करायला माणूस आत जायला राजी नसतो. शेजाऱ्यानं स्वतःचं रान पेटवलं आणि ठिणगी आपल्याकडे आली, तर वाळलेल्या पाचटासकट नुकता फुटलेला खोडवाही जातो. म्हणून ‘दुसऱ्यानं पेटवण्याआधी आपणच पेटवलेलं बरं’ असा हिशोब बसतो. एकेकट्या शेतकऱ्यानं शहाणं होऊन हे सुटणार नाही. शिवारातल्या लगतच्या रानवाल्यांनी मिळून ठरवलं, तरच पाचट सुखरूप राहतं.

ज्यांनी ठेवलं त्यांनी काय केलं ते सांगते. बुडखे जमिनीलगत छाटले. पाचट एक आड एक सरीत ओढून घेतलं, म्हणजे मोकळ्या सरीतून पाणी सरळ जातं आणि चालायला वाट राहते. काहींनी ट्रॅक्टरला कुट्टीयंत्र जोडून पाचटाचे बारीक तुकडे केले. मग त्यावर टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून पाणी दिलं. ही शिफारस आपल्याकडे जुनी आहे, कृषी सहायक ती तोंडपाठ सांगतात. पण युरिया ८ किलोच का, हे फारसं कुणी समजावून सांगत नाही. मला वाटतं, ते ‘का’ कळलं की चिवट कचऱ्याची भीतीच जाते.

कुजवणारे जिवाणू आणि बुरशी ही जिवंत मंडळी. कर्ब ही त्यांची भाकरी आणि नत्र हे कालवण. साधारण ३० भाग कर्बाला १ भाग नत्र मिळालं की त्यांचं जेवण नीट होतं. शेणात हे प्रमाण २० ते २५ ला १ असतं, म्हणून शेण आपलं आपण कुजतं. भाताच्या पेंढ्यात ७०-८० ला १. पाचटात शंभराच्या वर. आणि लाकडाच्या भुशात ४०० ते ५०० ला १. एक टन कोरड्या भुशात जवळजवळ ५०० किलो कर्ब असतो आणि नत्र जेमतेम किलोभर. असा भुसा वर्षभर कोपऱ्यात पडून राहिला तर त्यात नवल काय? भाकऱ्यांची चवड आहे, कालवणाचं भांडं कोरडं.

आता पाचटाचं गणित मांडून बघा. एक टन वाळलेल्या पाचटात सुमारे ४५० किलो कर्ब आणि ४ किलो नत्र. ८ किलो युरियातून आणखी ३.७ किलो नत्र आलं, म्हणजे नत्र जवळजवळ दुप्पट झालं आणि ११० चं प्रमाण साठाच्या खाली उतरलं. जिवाणूंचं काम सुरू व्हायला एवढं पुरतं. पुढं कुजताना निम्म्याहून जास्त कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, नत्र बरंचसं मागं राहतं, आणि प्रमाण आपोआप खाली येत जातं. युरिया इथं पिकाला घातलेला नसतो, तो बुरशीला घातलेला असतो. तयार खतात तो पिकाला परत मिळतोच. हे न कळल्यानं उलटंही घडतं. कुंडीत मोकळेपणा यावा म्हणून कुणीतरी कच्चा भुसा मिसळतं, जिवाणू मातीतलं होतं-नव्हतं ते नत्र ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं. लोक म्हणतात भुसा गरम पडला. खरं तर झाडाच्या ताटातलं कालवण जिवाणूंनी उचललेलं असतं.

भुशासाठी मी वखारींशी संबंध ठेवून आहे. आपल्याकडच्या बऱ्याच वखारी कच्छी पटेलांच्या. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहून त्यांची मराठी आमच्यासारखीच झालेली. पट्ट्याच्या करवतीखाली बाभूळ, निंब, आंबा, निलगिरी चिरली जाते आणि खाली वेगवेगळ्या रंगांचा भुसा साचतो. आंब्याचा फिकट पिवळा, बाभळीचा लालसर. शेठ मला म्हणतात, “ताई, भुशाला गिऱ्हाईक आहे, साल तेवढी तुम्ही उचला.” भुसा वीटभट्टीला जातो, बॉयलरला जातो, पोल्ट्रीत अंथरायला जातो. सालीला कुणी विचारत नाही आणि मला तर तीच हवी असते. सालीत लाकडापेक्षा नत्र आणि खनिजं जास्त, आणि कुजलेली साल रोपांच्या मिश्रणात हवा आणि ओल दोन्ही धरून ठेवते.

वखारीतून माल उचलताना मी फार चोखंदळ आहे आणि दुसऱ्यांनीही असावं. फर्निचरच्या कारखान्यातला भुसा मी घेत नाही, कारण त्यात प्लायवूड आणि एमडीएफचा चुरा असतो आणि त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद. रंग दिलेलं, वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड तर अजिबात नको. अशा औषधांत तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकसुद्धा असू शकतं, आणि ते कुजून कुठं जात नाही, खतातून भाजीत येतं. रेल्वेच्या जुन्या स्लीपरांचा चुरा कुणी फुकट दिला तरी हात लावू नये. आणि सागाचा भुसा वेगळा ठेवावा. साग शे-दीडशे वर्षं वाड्यांमध्ये टिकतो तो त्याच्या अंगातल्या वाळवीला आणि बुरशीला नकोशा असलेल्या द्रव्यांमुळे. ज्या गुणासाठी बल्लारपूर, आलापल्लीच्या सागवानाला देशभर मान आहे, तोच गुण कंपोस्टच्या ढिगात आडवा येतो. सागाचा ढीग मी बाजूला करते, त्याला भरपूर शेण आणि भरपूर काळ देते, आणि गांडुळांच्या बेडवर तो कच्चा कधीच टाकत नाही.

भुशातल्या नत्राची उणीव भरून काढायचा सगळ्यात शहाणा मार्ग माझ्या मते पोल्ट्रीतून जातो. भुसा आधी कोंबड्यांखाली अंथरला जातो, त्यांची विष्ठा त्यात मुरते, आणि शेड रिकामी झाली की जे बाहेर येतं त्यात भाकरी-कालवण दोन्ही एकत्र आलेलं असतं. निव्वळ कोंबडखत इतकं तेज की पिकाची मुळं जाळतं, निव्वळ भुसा इतका निर्जीव की हलत नाही. दोघांची गाठ पडली की दोघांचंही भलं होतं. मी हे पोल्ट्रीतलं वापरलेलं अंथरूण घेते, त्यात साल, पाचटाची कुट्टी आणि द्राक्षाच्या काड्या मिसळते. द्राक्षबागांची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची फळछाटणी. तासगावकडून त्या काड्यांच्या ट्रॉल्या येतात. काड्या श्रेडरमधून काढल्याशिवाय उपयोग नाही. तुकडा जितका लहान, तितका बुरशीला शिरायला पृष्ठभाग जास्त. मात्र सगळंच पिठासारखं बारीक केलं तर ढिगात हवा खेळत नाही, म्हणून चार बोटं लांबीचे काही तुकडे मुद्दाम ठेवायचे.

ढीग आम्ही छातीइतका उंच रचतो. त्याहून कमी असला तर उष्णता धरत नाही, जास्त असला तर बुडात हवा पोचत नाही. ओल किती हवी हे बघायला मूठभर माल घट्ट दाबायचा. बोटांच्या फटीतून एखादा थेंब दिसला की बरोबर, धार लागली की जास्त, आणि मूठ उघडल्यावर माल भुरभुरला की पाणी कमी. पाचट आणि भुसा दोन्ही पहिल्यांदा पाणी झिडकारतात. वरून पाइप मारला की वरचा थर ओला होतो आणि आत सगळं कोरडं. म्हणून रचण्याआधीच पसरून, पाणी मारून, उलटून, परत पाणी मारावं लागतं. या एका गोष्टीचा कंटाळा केला की पुढचं सगळं अडतं.

आमच्याकडे ढीग पलटायला येणाऱ्या मावशींना थर्मामीटरची गरज पडत नाही. लोखंडी पहार ढिगाच्या पोटात खुपसून ठेवायची, चहा होईपर्यंत तशीच राहू द्यायची आणि मग ओढून धरायची. मावशी पहारेचं टोक मुठीत घेतात आणि लगेच सोडतात. “हात ठरंना, अजून तीन-चार दिस हात लावू नका.” नंतर थर्मामीटर घातला की आकडा ६० च्या आसपास निघतो. ५५ ते ६५ अंश ही उष्णता काही दिवस टिकून राहिली, की तणाचं बी आणि रोगाचे बरेचसे जंतू मरतात. पाणी किंवा हवा संपली की ढीग निवायला लागतो आणि मग पलटायचा. जानेवारीच्या थंडीत सकाळी पलटताना वाफेनं पलीकडचा माणूस दिसत नाही. मावशी नाकातोंडाला पदर गुंडाळतात. मी त्यांना मास्क आणून दिलेत आणि ते घालायचा आग्रह धरते, कारण गरम ढिगातून बुरशीची बीजं धुरळ्यासारखी उडतात आणि दमेकऱ्याला ती फार वाईट. खताच्या धंद्यात पलटणाऱ्या बायकांच्या फुफ्फुसांची मोजदाद कुणी ठेवत नाही. ती ठेवायला हवी.

दुसऱ्या-तिसऱ्या पलटीला, ढीग निवू लागल्यावर, जे दिसतं ते बघायला मी कितीही कामं असली तरी जाते. बाहेरच्या हातभर थरात सालीच्या तुकड्यांवर पांढरे तंतू पसरलेले असतात, कापसाच्या विरळ पेळूसारखे. तुकडा उचलून दोन बोटांत दाबला की करकरीत लाकूड ओल्या पुठ्ठ्यासारखं चुरतं. आत बघावं तर रंग उडालेला, फिकट, धागे सुटे झालेले. ही पांढरी कुज करणारी बुरशी. लाकडाला ताठ ठेवणारं जे लिग्निन, ते फोडण्याची ताकद निसर्गात मोजक्याच जिवांकडे आहे आणि त्यात ही पहिली. आपण खातो ती धिंगरी अळंबीही याच गटातली. म्हणून धिंगरी पिकवणाऱ्यांकडून पीक निघून गेलेल्या पेंढ्याच्या पिशव्या मिळाल्या तर मी सोडत नाही, त्यातली बुरशी ढिगाला अर्धी वाट आधीच चालून गेलेली असते.

चिवट कचऱ्याचं मोल या लिग्निनमध्ये आहे. ढिगात साखर आणि पिष्ट पहिल्या काही दिवसांत संपतं, सेल्युलोज काही आठवड्यांत, आणि लिग्निन महिने घेतं. भाजीपाल्याच्या खतानं पीक लगेच हिरवं होतं, पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या खताचा मातीत मागमूस राहत नाही. लिग्निनचे अर्धेमुर्धे तुटलेले अवशेष आणि ते तोडता तोडता मेलेल्या बुरशी-जिवाणूंची शरीरं चिकणमातीच्या कणांना धरून राहतात, माती रवाळ होते, पाणी मुरतं. कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर स्वतःच्या शेतातल्या अनुभवावरून कित्येक वर्षं हे सांगत आलेत, की कुजायला जड असलेल्या भागांचं खत दर्जेदार, म्हणून पिकाची खोडकी आणि मुळं जमिनीतच कुजू द्या. आमच्या कृष्णाकाठच्या काळ्या जमिनींना तर हे औषधासारखं आहे. पाटानं पाणी देऊन देऊन कितीतरी रानं क्षारपड झाली, ढेकूळ फुटत नाही, पाणी उतरत नाही. माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्याच्या खाली दिसला की ‘कमी’ असा शेरा येतो. तो कागद हातात घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि त्यांच्याच रानात मागच्या महिन्यात जाळ झालेला असतो.

हा विचार नवा नाही. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूरच्या शेती संशोधन संस्थेत होते. माळव्याचा कापसाचा मुलूख, जनावरं बेताची, शेण चुलीत जाणारं आणि शेतात पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे, ढीग. हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तिथल्या कामावर १९३१ मध्ये पुस्तकच लिहिलं आणि ती पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. पऱ्हाट्या, तुराट्यांसारखा टणक माल ते शेतावरच्या रस्त्यांवर पसरून ठेवत. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली तो चिरडून भुशासारखा होई आणि मग तो जनावरांच्या पायाखाली अंथरून, मूत्र मुरवून खड्ड्यात जाई. श्रेडर नाही, डिझेल नाही. रोजची वाहतूकच कामाला लावली. परदेशातून आलेला शास्त्रज्ञ इथल्या गाडीवाटेकडे अशा नजरेनं बघतो याचं मला कौतुक वाटतं, आणि त्या कामावर वाडांचं नाव बरोबरीनं आहे याचंही.

आपल्या विदर्भात तर याहून घरचं उदाहरण आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ हा शब्द झाला आणि लोक त्यांना नाडेपकाका म्हणू लागले. जमिनीवर विटांचं टाकं, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींत हवेसाठी मुद्दाम ठेवलेली भोकं. त्यात १४०० ते १५०० किलो काडीकचरा, जवळजवळ १७५० किलो चाळलेली माती आणि शेण किती? फक्त ९० ते १०० किलो. वरून शेणमातीनं लिंपायचं आणि तीन-चार महिन्यांत खत तयार. एका गाईच्या थोड्या शेणात कचऱ्याचा एवढा ढीग खत होतो, ही त्या पद्धतीची खरी करामत. ज्यांच्या दारात गोठा उरला नाही, त्या आजच्या शेतकऱ्याला नाडेप जास्त लागू पडतो. ग्रामपंचायतींच्या योजनांत अशी टाकी गावोगाव बांधली गेली. त्यातली कितीतरी आता रिकामी पडून आहेत, हे बघून मला त्या म्हाताऱ्या माणसाच्या कष्टांची आठवण होते. टाकं बांधायला अनुदान मिळतं, भरायला मिळत नाही. जी योजना विटांचे पैसे देते आणि पाणी मारणाऱ्या हातांचे देत नाही, तिच्याकडून खत कसं यावं?

पऱ्हाटीबद्दल विदर्भातल्या मित्रमंडळींना एक सांगणं. गुलाबी बोंडअळीच्या अवस्था पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत दडून राहतात, म्हणून पऱ्हाट्यांची गंजी शेताच्या बांधावर वर्षभर ठेवणं धोक्याचं. पण त्यावर जाळणं हाच एक उपाय नाही. बारीक करून तापलेल्या ढिगात घातल्या की ६० अंशांत अळी काय आणि कोष काय, काही टिकत नाही.

खत तयार झालं हे ठरवणं या कामातला सगळ्यात नाजूक भाग, आणि बाजारात सगळ्यात जास्त गडबड इथंच चालते. मी एकदा नमुना म्हणून एका कंपनीची पिशवी आणली. शिवण उसवली तर आतून गरम वाफ आणि नाकात झोंबणारा अमोनियाचा वास. पिशवीवर मात्र छान हिरवं पान छापलेलं. असं अर्धकच्चं खत ट्रेमध्ये गेलं तर रोपांची कोवळी मुळं करपतात. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी कर्ब-नत्राचं प्रमाण २० च्या खाली असावं असं म्हटलंय, ओलावा १५ ते २५ टक्के. प्रयोगशाळेत नमुना पाठवावाच. पण दारातल्या दारात करता येण्याजोगी परीक्षाही आहे. ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस ठेवायचं. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला तर झालं, आंबूस वास आला तर परत ढिगात. आणि दुसरी मेथीची. एका ताटलीत खत, एका ताटलीत चांगली माती, दोन्हीत सारखी मेथी पेरायची. खतातली मेथी मातीतल्या मेथीच्या बरोबरीनं, पांढऱ्याशुभ्र मुळांनी उगवली नाही, तर मी ती गाडी विकत नाही. लाकडाच्या खताला यासाठी बराच काळ द्यावा लागतो. गिऱ्हाईक थांबायला तयार नसतं. थांबावं असं मी त्यांना सांगते आणि बरेच जण आता थांबतात.

रोपांच्या मिश्रणात आता मी कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा, वाटा कमी करून निम्म्याच्या आसपास कुजलेली साल आणि पाचटाचं खत वापरते. कोकोपीट उत्तम आहे, पण ते बाहेरून विकत यावं लागतं, आणि साल आमच्या तालुक्यात पडून आहे. उसाचं रोप ट्रेमधून उपटताना मातीची गड्डी न फुटता अखंड येते का, हे माझं माप. ती येते.

हे सगळं चालू असताना गेल्या काही हंगामांत शिवारात एक नवं यंत्र दिसायला लागलंय. पाचट गोळा करून त्याचे गोल गठ्ठे बांधणारा बेलर. गठ्ठे जातात बॉयलरला, त्यावर वीज होते. शेतकऱ्याचं रान मोकळं होतं, वर चार पैसे मिळतात, धूर गावावर येत नाही. शेतात जाळण्यापेक्षा हे शंभरपट बरं, यात शंका नाही. पण रानाच्या हिशोबात ते जाळणंच आहे, फक्त दुसऱ्याच्या भट्टीत. कर्ब गेला तो गेलाच, आणि इथं तर राखेतलं पालाशही परत येत नाही. दरवर्षी हेक्टरी आठ-दहा टन बाहेर गेले आणि काहीच आत आलं नाही, तर ती जमीन किती वर्षं उसाला पोसेल? गठ्ठे विकायचेच असतील तर एका हंगामाआड विकावे, आणि बदल्यात कारखान्याकडून प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, आणावं, असं माझं मत आहे. गाळलेल्या उसाच्या ३ ते ४ टक्के प्रेसमड निघतंच. त्यात स्फुरद आणि कॅल्शियम चांगलं असतं. ते पाचटाच्या कुट्टीबरोबर कुजवलं तर दोन्हीचा दर्जा वाढतो.

भाच्याशी यावरून बरीच बोलाचाली झाली. त्याला बेलरवाल्यानं दर सांगितला होता आणि तो दर वाईट नव्हता. मी त्याला माती परीक्षणाचे जुने-नवे अहवाल शेजारी ठेवून दाखवले. तो बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, “वरच्या रानात ठिबक आहे, तिथलं पाचट राहू दे जागेवर. खालच्या रानाला पाटाचं पाणी, तिथले गठ्ठे मी देणार. तू त्यात पडू नकोस.”

“दे,” मी म्हटलं, “पण तेवढ्याच खेपा प्रेसमडच्या भरून आण. आणि कच्चं रानात ओतू नकोस, आधी माझ्याकडे ढिगावर येऊ दे.”

“आणि ट्रॅक्टरचं डिझेल?”

“निम्मं मी घालते.”

“पाऊण घाल, आत्या. ढीग पलटायला मी येतो.”